क्रमिक पुस्तकें लिहिणारांचें शिक्षण

घर बांधावयाचें असलें, तर आपण शिकलेला गवंडी शोधतों. अंगरखा शिवावयाचा असला, तर ज्याचा हात कात्रीवर बसला आहे अशाच शिंप्याकडे कापड देतों. आजाऱ्यास औषध देणारानें वैद्यकाची परीक्षा दिलेली असावी व शाळेंत शिकविणारानें अध्यापनाची पदविका घेतलेली असावी, असा तर आतां नियमच झाला आहे. परंतु ज्या पुस्तकावर लक्षावधि मुलांची भाषा व विचार पोसावयाचे, तें पुस्तक लिहिणारानें अथवा संपादणारानें आपलें काम कोठें व कोणापाशीं शिकलें, असा प्रश्न आपल्या समाजांत फारसा कोणी विचारीत नाहीं. गृहस्थ विषयाचा विद्वान् असला म्हणजे झालें. किंवा त्याची भाषा गोड असली म्हणजे झालें. फार तर त्यानें शाळेंत वीस वर्षें काढलेलीं असलीं म्हणजे झालें, अशी आपली समजूत आहे. ही समजूत कितपत खरी, हें मराठी क्रमिक पुस्तकांच्या दोनशें वर्षांच्या इतिहासावरून पाहावें, असा या लेखाचा हेतु आहे. हा विचार आमच्या मनांत एका लहानशा प्रसंगानें आला. तो प्रसंग आमच्याच फजितीचा असल्यामुळें आधीं सांगून टाकणें बरें.

वर्ध्याहून यवतमाळच्या रस्त्यानें निघालें, कीं सुमारें १८ किलोमीटरांवर देवळी हें गांव लागतें. भोंवतालचा मुलूख काळ्या जमिनीचा व कापसाचा. कापसाची पेठ म्हणून गांवाचें नांव जुनें. आमचें आजोळ तेथलें, त्यामुळें लहानपणच्या कित्येक सुट्ट्या तेथील वावरांत भटकण्यांत व कापसाच्या गंजीवर लोळण्यांत गेल्या. पुढें आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक झालों. आणि कांहीं वर्षांपूर्वीं एका मंडळानें, प्राथमिक शाळेच्या वाचनपुस्तकासाठीं कापसावर एक धडा लिहून द्यावा, असें आम्हांस कळविलें. मुदत पंधरा दिवसांची होती. धडा दीड पानाचा असावा व भाषा सोपी असावी, याहून अधिक सूचना नव्हती. आम्ही टेबलापाशीं बसलों, एक इंग्रजी ज्ञानकोश उघडला, आणि धडा लिहून पुरा केला. पाठविण्यापूर्वीं सहज म्हणून तो देवळीच्या एका शाळेंत वाचून दाखविला. 'कापसाचीं फळें पिकलीं म्हणजे शेतकरी तीं तोडून घरीं आणतात,' या वाक्यापाशीं तिसऱ्या इयत्तेंतील एक मुलगी चुळबुळली व अदबीनें म्हणाली, "बोंडं तोडत नाहीत जी, कापूस वेचतेत." त्यावर तिच्या शेजारचा मुलगा तिला दटावून हळूच म्हणाला, "पुस्तकात तसंच असन."

मुलीच्या वाक्यानें आम्ही लाजलों; मुलाच्या वाक्यानें मात्र आम्हांस झोंप आली नाहीं. ज्या घरांतल्या बाया दिवाळीपासून वेचणीला जातात, त्या घरच्या मुलानें आपल्या आईचे हात खोटे मानावे आणि छापील अक्षर खरें मानावें, इतका अधिकार त्या दीड पानास होता! आणि तो अधिकार चालविणारे आम्ही वेचणी स्वतः डोळ्यांनीं पाहिलेले होतों. तरी लेखणी हातीं घेतांच डोळ्यांनीं पाहिलेलें मागें सरलें व कोशांत वाचलेलें पुढें आलें. ही खोड आमची एकट्याची, कीं आमच्या आधींच्या लेखकांचीहि, हें पाहण्यासाठीं आम्ही जुन्या इतिहासाकडे वळलों.

पेशवाई बुडाली तेव्हां पंतोजींच्या शाळांत छापील पुस्तक नव्हतेंच. धूळपाटी, उजळणी, पावकी-निमकी आणि मोडी अक्षर एवढ्यांत विद्यारंभ होई व बहुतेकांची विद्या तेथेंच संपे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनीं १८२३ सालीं शिक्षणाविषयीं जें टिपण लिहिलें, त्यांत देशी शाळांतील शिकविण्याची रीत सुधारणें व शाळांस पुस्तकें पुरविणें या दोन गोष्टी आरंभींच घातल्या होत्या. त्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १८२२ सालीं, मुंबईस 'बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी' स्थापन झाली होती. या लांबलचक नांवांत शाळेचें पुस्तक आणि शाळा हीं दोन्हीं एकाच ओळींत बसलीं होतीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पुढें १८२७ सालीं नांव बदलून 'बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी' असें झालें; परंतु पुस्तकें करणें, शिक्षक तयार करणें व शाळा चालविणें हीं तीन कामें एकाच मंडळीच्या हातीं राहिलीं.

या मंडळीचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे पेशानें एंजिनिअर. त्यांनीं गणिताचीं पुस्तकें मराठींत आणण्याचें काम अंगावर घेतलें आणि जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारखे पंडित हाताशीं घेतले. साहेबास विषय ठाऊक, शास्त्र्यांस भाषा ठाऊक. दोघांनीं मिळून एक मराठी परिभाषा घडवावयाची. ही जोडी ओबडधोबड खरी, पण तिच्यांत एक गुण होता. जो शब्द आज बैठकींत ठरे, तो थोड्याच दिवसांत मुलांच्या तोंडीं जाई व तेथें तो टिकतो कीं नाहीं हें लगेच कळे. याच सुमारास, १८२६ सालीं, मुंबईस तयार केलेले पहिले शिक्षक दक्षिण, कोंकण व गुजरात या भागांत नव्या शाळा उघडण्यासाठीं पाठविण्यांत आले.

सोसायटीचे एतद्देशीय चिटणीस सदाशिव काशीनाथ छत्रे यांचीं 'बाळमित्र' व 'इसपनीतिकथा' हीं पुस्तकें १८२८ सालचीं. 'बाळमित्रां'तील गोष्टी मूळ बर्क्विन या फ्रेंच लेखकाच्या. त्या इंग्रजीच्या वाटेनें मराठींत आल्या. आजच्या वाचकास त्यांतील बोधाचा सोस जरा जड वाटेल. तथापि मुलांसाठीं लिहिलेलें सरळ मराठी गद्य, जें पोथीचें नव्हे, बखरीचें नव्हे आणि दप्तरी पत्राचेंहि नव्हे, तें प्रथम येथें दिसतें. छत्र्यांपुढें कित्ता असा नव्हताच. वाक्य केवढें असावें, संवाद कसा मांडावा, परक्या देशांतील मुलास मराठी घरांत कसें बसवावें, हें सर्व त्यांनीं करून पाहूनच शिकावयाचें होतें.

छत्रे १८३० सालीं वारले व त्यांच्या मागून बाळशास्त्री जांभेकर हे सोसायटीच्या कामांत पुढें आले. 'दर्पण'कर्ते म्हणून बाळशास्त्र्यांस सर्वजण जाणतात. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें त्यांचें दुसरें रूप अधिक महत्त्वाचें आहे. इतिहास, भूगोल, व्याकरण, गणित या विषयांवर त्यांनीं शाळांसाठीं पुस्तकें केलीं; एल्फिन्स्टन विद्यालयांत अध्यापन केलें; शाळांची तपासणी करीत ते हिंडले; आणि १८४५ सालीं शिक्षक तयार करण्यासाठीं जो नॉर्मल क्लास निघाला, त्याचे ते प्रमुख झाले. म्हणजे पुस्तक लिहिणारा, पुस्तक शिकविणारा, तें कसें शिकवावें हें शिक्षकांस सांगणारा, आणि गांवोगांवीं जाऊन तें मुलांस कितपत कळलें हें तपासणारा असे चार पुरुष त्या एका देहांत नांदत होते. लेखकास याहून चांगलें शिक्षण कोणत्या विद्यालयांत मिळणार? दुर्दैवानें १८४६ च्या मे महिन्यांत, वयाचीं चौतीस वर्षें पुरीं झालीं न झालीं तोंच, बाळशास्त्री गेले. त्यांच्यामागें हीं चार कामें हळूहळू चार निरनिराळ्या कचेऱ्यांत वाटलीं गेलीं, आणि पुन्हां एका जागीं फारशीं आलीं नाहींत.

पुढला काळ मेजर टॉमस कँडी यांचा. मोल्सवर्थ यांच्या कोशास यांनीं साहाय्य केलें, इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं प्रसिद्ध केला, आणि सरकारचे मराठी भाषांतरकार या नात्यानें शाळांचीं पुस्तकें तपासण्याचें काम दीर्घकाळ केलें. इ. स. १८५४ चा वुड यांचा खलिता येऊन शाळाखातें निर्माण झाल्यावर खात्यास क्रमवार वाचनपुस्तकें हवीं झालीं. तीं कँडी यांच्या देखरेखीखालीं तयार झालीं. याच काळांत, १८५४ सालीं, परशुराम बल्लाळ गोडबोले यांनीं जुन्या मराठी कवितेचे वेंचे निवडून 'नवनीत' सिद्ध केलें. पिढ्यान्-पिढ्यांस मोरोपंत-वामन भेटले ते या ग्रंथांतून.

कँडी यांचें दप्तर म्हणजे संपादनाची एक शाळाच होती. मराठी लिहितांना वाक्य कोठें संपतें, श्वास कोठें घ्यावयाचा, प्रश्न कोणता व उद्गार कोणता, हें दाखविण्याची सोय जुन्या लेखनांत नव्हती. कँडी यांनीं १८५० सालीं 'विरामचिन्हांची परिभाषा' हें लहानसें पुस्तक काढलें, आणि पूर्णविराम, स्वल्पविराम आदि चिन्हांनीं मराठी पानावर आपली जागा धरली. आज या लेखांत वाचक ज्या चिन्हांवर थांबत आहेत, तीं त्या परदेशी माणसाच्या श्रमाचें देणें होत. लेखकाच्या मजकुरावर दुसऱ्यानें हात फिरवावा, शब्दांचे नियम ठरवावे, एकाच माळेंतील पुस्तकांची भाषा एकसूत्री ठेवावी, ही संपादनाची शिस्त मराठींत या दप्तरानें आणली. भाषांतराच्या खात्यांत काम केलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर १८६५ सालीं पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजाचे प्रमुख झाले, तेव्हां पुस्तकें घडविणारा हात पुन्हां एकदां शिक्षक घडविण्याकडे गेला. शिक्षकांसाठीं चालणारें 'शाळापत्रक' हेंहि त्यांच्याकडे होतें. पुढें तें त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांच्या हातीं आलें आणि १८७५ सालीं सरकारनें बंद केलें.

पण या दप्तराची दुसरी बाजूहि आहे. मराठी वाक्य बरें कीं वाईट, याचा शेवटला निकाल परभाषिक अधिकाऱ्याच्या मेजावर लागूं लागला. मूळ इंग्रजी, तिचें मराठी, मग त्या मराठीवर साहेबाची दुरुस्ती, अशा तीन गाळण्यांतून मजकूर खालीं येई. त्यामुळें तो स्वच्छ होई यांत शंका नाहीं. परंतु विहिरीच्या पाण्याची चव त्यांत उरत नसे. विष्णुशास्त्र्यांनीं १८७४ सालीं सुरू केलेल्या 'निबंधमाले'तून या भाषांतरी मराठीवर आणि सरकारी भाषांतरकारांवर जे कोरडे ओढले, ते सर्वश्रुतच आहेत. त्यांतील आवेश बाजूस ठेवला, तरी तक्रार खरी होती. कापूस 'तोडणारा' आमचा धडा याच घराण्यांतला!

इकडे देवळीचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. तिसरे रघूजी १८५३ च्या अखेरीस वारले व राज्य खालसा झालें. १८६१ सालीं मध्यप्रांत बनला. १८६२ सालीं वर्धा हा निराळा जिल्हा झाला. कारभार नागपुराहून चाले, परंतु छापील मराठीची घडण पुण्या-मुंबईस झालेली होती व तीच येथेंहि प्रमाण ठरली. वावर, पऱ्हाटी, बंडी हे शब्द घरीं राहिले. शेत, कपाशी, बैलगाडी हे शब्द शाळेंत आले. प्रमाणभाषा सर्वांस एक असावी, याविषयीं आमचा वाद नाहीं. तिच्यावांचून देवळीचा मुलगा व देवरुखचा मुलगा एकमेकांचीं पत्रें वाचूं शकणार नाहींत. वाद एवढाच, कीं घरच्या शब्दापासून शाळेच्या शब्दापर्यंत जाण्यास मुलाला पूल कोणी बांधून द्यावयाचा? पुस्तककर्त्यानें, कीं शिक्षकानें? दोघांनींहि तें काम दुसऱ्याचें समजलें, तर मूल काठावरच राहतें.

हा प्रश्न ज्यांनीं उघडपणें सरकारपुढें मांडला, त्यांत जोतीराव फुले यांचें नांव अग्रभागीं घेतलें पाहिजे. १८८२ सालीं हंटर यांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण आयोग बसला, तेव्हां जोतीरावांनीं त्यास निवेदन दिलें. प्राथमिक शिक्षणाच्या प्रसाराविषयींची त्यांची मागणी सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच निवेदनांत शाळांतील मराठी पुस्तकांविषयींहि त्यांनीं स्पष्ट मत दिलें होतें. तीं पुस्तकें व्यवहारोपयोगी नाहींत व पुढें नेणारीं नाहींत, म्हणून तीं नव्यानें घडवावीं. त्यांत शेती, आरोग्य, नीति व उपयुक्त कला यांचे धडे असावे. मोडी व बाळबोध दोन्हीं यावीं. आणि शिकविणारे शेतकरी वर्गांतूनहि तयार करावे, असें त्यांचें म्हणणें. पुस्तकांतील विषय आणि शिक्षकाचें घर या दोहोंचा संबंध जोतीरावांनीं जोडला, ही आमच्या मतें त्या निवेदनांतील फार मोलाची गोष्ट होय. ज्यानें नांगर पाहिलाच नाहीं त्यानें नांगराचा धडा लिहावा, आणि ज्यानें पाहिला आहे त्यास लिहिण्याचें शिक्षणच मिळूं नये, ही विसंगति त्यांच्या डोळ्यांत सलत होती.

विसाव्या शतकांत खाजगी प्रकाशकांच्या वाचनमाला निघाल्या, आणि त्यांतून एक नवा प्रकारचा पुस्तककर्ता पुढें आला. प्रल्हाद केशव अत्रे हे विनोदी लेखक, नाटककार व पत्रकार म्हणून इतके गाजले, कीं ते पुण्यास कॅम्पांतील शाळेचे मुख्याध्यापक होते आणि अध्यापनाची पदविका घेण्यासाठीं १९२७ सालीं लंडनला गेले होते, याचा लोकांस विसर पडतो. परत आल्यावर त्यांच्या हातून 'नवयुग वाचनमाला' व 'अरुण वाचन' हीं पुस्तकें झालीं. त्यांत मूल हंसतें, खेळतें, प्रश्न विचारतें. बोध असला तरी तो गोष्टीच्या पोटांत असतो. यांत अत्र्यांच्या प्रतिभेचा वाटा मोठा, हें खरें. परंतु प्रतिभा असलेले लेखक त्या काळीं मराठींत इतरहि होते. अत्र्यांपाशीं प्रतिभा, रोजचा वर्ग आणि शिक्षणशास्त्राचा रीतसर अभ्यास या तीन गोष्टी एकत्र आल्या. बाळशास्त्र्यांनंतर जवळजवळ नव्वद वर्षांनीं तोच योग जुळला, व त्याचें फळहि तसेंच आलें.

आणि मग, देवळीपासून हांकेच्या अंतरावर, या सर्व उद्योगाच्या मुळावरच घाव घालणारा विचार जन्मास आला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं वर्ध्यास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, आर्यनायकम् व आशादेवी हीं मंडळी तींत होतीं. आणि २ डिसेंबरला अहवाल तयारहि झाला. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण, मातृभाषेंतून, एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाच्या द्वारें, असें या 'वर्धा योजने'चें स्वरूप होतें. टकळी फिरली, कीं फेरे मोजतां मोजतां गणित यावें. कापूस कोठें पिकतो हें विचारतां विचारतां भूगोल यावा. कापड कोणी कोठें विणलें व कोठें नेलें यांतून इतिहास यावा. देवळीच्या मुलाला याहून जवळचा धडा कोणता? ज्या वावरास आमच्या पुस्तकांत नांवहि नव्हतें, तेंच येथें पुस्तक झालें.

छापील क्रमिक पुस्तकांविषयीं गांधीजींचें मत कडक होतें. १९३९ सालीं 'हरिजन' पत्रांत त्यांनीं असा आशय मांडला, कीं पुस्तक हेंच शिक्षणाचें वाहन मानलें, तर शिक्षकाच्या जिवंत शब्दास किंमत उरत नाहीं. पुस्तकावरून शिकविणारा शिक्षक पुस्तकाचा दास होतो. म्हणून पुस्तकें जितकीं कमी, तितकें शिक्षक व मुलें दोघांसहि हितकर. 'पुस्तकात तसंच असन' हें वाक्य आमच्या कानांत घुमत असल्यामुळें, या मताचें मर्म आम्हांस जितकें आज कळतें तितकें पूर्वीं कधीं कळलें नव्हतें.

परंतु येथेंच इतिहासाचा खरा धडा आहे. पुस्तक काढून टाकल्यानें पुस्तककर्त्याचें काम नाहींसें होत नाहीं. तें शिक्षकाच्या शिरावर येतें. टकळीच्या फेऱ्यांतून त्रैराशिक काढावयाचें, तर तें उदाहरण रोज नवें कोणी रचावयाचें? अर्थातच शिक्षकानें. म्हणजे शंभर शिकलेल्या लेखकांऐवजीं लाख शिकलेले लेखक हवे झाले. समितीस याची जाणीव होती. म्हणून अहवालांत शिक्षकांसाठीं तीन वर्षांचा पूर्ण व तातडीचा एक वर्षाचा असे दोन शिक्षणक्रम सुचविले होते, आणि सूतकताईचा तपशीलवार अभ्यासक्रम जोडला होता. १९३८ सालीं हिंदुस्थानी तालीमी संघ निघाला व सेवाग्राम हें त्याच्या कार्याचें केंद्र झालें. त्याच वर्षीं मध्यप्रांत सरकारच्या विद्यामंदिर योजनेचें शिक्षक-विद्यालय वर्ध्यास उघडलें. जेथें आशादेवी व आर्यनायकम् यांच्यासारखीं माणसें उभीं होतीं, तेथें ही रीत फुलली. जेथें अर्धवट तयार झालेला शिक्षक एकटा होता, तेथें टकळी फिरत राहिली आणि धडा झालाच नाहीं. स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळा हळूहळू मागें पडल्या, व १९६४-६६ च्या कोठारी आयोगाच्या काळापर्यंत त्या कल्पनेचें 'कार्यानुभव' एवढें रूप उरलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुस्तककर्त्याच्या जबाबदारीची जाणीव जगभर तीव्र झाली. शेजारच्या राष्ट्राविषयींचा द्वेष मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकांतून पेरला जातो, हें दोन युद्धांनीं दाखविलें होतें. म्हणून युनेस्कोनें १९५० सालीं ब्रुसेल्स येथें क्रमिक पुस्तकांच्या सुधारणेसाठीं परिसंवाद भरविला, आणि १९५१ सालीं जर्मनींत ब्राउनश्वाइग येथें गेऑर्ग एकर्ट यांनीं याच कामास वाहिलेली संस्था काढली. आपल्याकडे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानें पुस्तकांच्या निवडीसाठीं अधिकारसंपन्न समित्या सुचविल्या. १९६१ सालीं दिल्लीस राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद स्थापन झाली. आणि कोठारी आयोगाच्या शिफारशींस अनुसरून २७ जानेवारी १९६७ रोजीं पुण्यास महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, म्हणजे आपली 'बालभारती', सुरू झाली. देवळी तोंवर मध्यप्रांतांतून मध्यप्रदेशांत, १९५६ सालीं द्वैभाषिक मुंबई राज्यांत व १९६० सालीं महाराष्ट्रांत आली होती. आतां कोंकणांतील मुलाचें व वऱ्हाडांतील मुलाचें पुस्तक एकाच छत्राखालीं होऊं लागलें.

बालभारतीनें केलेलें काम लहान नाहीं. विषयवार समित्या, त्यांच्या हाताखालीं अभ्यासगट, निरनिराळ्या जिल्ह्यांतील शिक्षकांकडून मजकुराचें समीक्षण, चित्रकारांचा सहभाग, स्वस्त किंमत, आणि मराठीखेरीज इतर अनेक भाषांतूनहि तींच पुस्तकें, ही व्यवस्था उभी करणें सोपें नव्हतें. १९७१ सालीं निघालेल्या 'किशोर' मासिकानें मुलांसाठीं लिहिणारांस एक आखाडाच मिळवून दिला. पण समितींत बसणारे प्राध्यापक, शास्त्रज्ञ व शिक्षक हे सर्वसाधारणपणें आपापलें काम सांभाळून थोड्या काळासाठीं येतात, पुस्तक पुरें करून परत जातात, व त्यांचा अनुभव त्यांच्याबरोबरच जातो. पुढील समिति पुन्हां पहिल्या धड्यापासून शिकूं लागते. समिति कितीहि विद्वान् असो, तीस विद्यालय म्हणतां येणार नाहीं.

२०१९ सालचा वाद वाचकांस आठवत असेल. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत एकवीस, बावीस या नांवांबरोबर 'वीस एक', 'वीस दोन' असें संख्यावाचन दिलें होतें. समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनीं त्याचें कारण सांगितलें: मराठींत आधीं एकक बोलतात व मग दशक, लिहितांना उलट, शिवाय त्रेचाळीस, सत्त्याण्णव यांसारखीं जोडाक्षरी नांवें लहान मुलांस जड जातात. मुद्दा विचार करण्यासारखा होता. विरोध करणारांचें म्हणणेंहि, भाषेचें जुनें धन जाऊं नये, हें मनापासूनचें होतें. विधिमंडळांत बोलणें झालें, वर्तमानपत्रें भरलीं. या गदारोळांत दुसरीच्या वर्गांतील शिक्षिकेचा आवाज आम्हांस फारच क्षीण ऐकूं आला. शहरांतल्या, खेड्यांतल्या व पाड्यावरच्या वर्गांत दोन्हीं रीती शिकवून मुलें कोठें अडलीं याची नोंद लोकांपुढें आधीं ठेवलेली असती, तर निम्मा वाद जागच्या जागीं विरला असता.

यावरून आमचा निष्कर्ष सरळ आहे. क्रमिक पुस्तक लिहिणें व संपादणें ही स्वतंत्र विद्या आहे, व ती विषयाच्या विद्येहून निराळी आहे. ती मराठींत वेळोवेळीं जन्मली आणि वेळोवेळीं विस्मृतींत गेली, याचें कारण ती व्यक्तींपाशीं राहिली, तिला आश्रम मिळाला नाहीं. बाळशास्त्र्यांचा योग, कँडींच्या दप्तराची शिस्त, जोतीरावांची दृष्टि, अत्र्यांचा खेळकरपणा व वर्ध्याचा कर्मयोग ही सर्व त्या विद्येचीं अंगें होत. एखाद्या विद्यापीठानें शिक्षणशास्त्राच्या शाखेंत पुस्तककर्त्यांसाठीं एक वर्षाचा क्रम काढावा. त्यांत या इतिहासाचा अभ्यास असावा. कोणत्या वयाच्या मुलाला केवढें वाक्य पेलतें, चित्र व मजकूर यांची सांगड कशी घालावी, स्वाध्याय कसे रचावे, दुसऱ्याच्या लिखाणावर त्याचा सूर न बिघडवितां हात कसा फिरवावा, हें शिकवावें. पण वर्षांतले निदान चार महिने उमेदवारानें पुण्या-मुंबईपासून दूर, एखाद्या देवळीसारख्या गांवीं, वर्गांत मुलांबरोबर बसून काढावे, आणि त्यानें लिहिलेला एकहि धडा मुलांनीं वाचून पाहिल्यावांचून छापखान्यांत जाऊं नये. खर्चाचा प्रश्न कोणी काढील, तर एवढेंच विचारावेंसें वाटतें, कीं चुकीचा धडा लक्षावधि प्रतींत छापण्यास खर्च येत नाहीं काय?

आमच्या धड्यांतील तें वाक्य आम्हीं त्याच दिवशीं खोडलें. त्या मुलीस जवळ बोलावून वेचणी कशी करतात हें विचारलें. तिनें ओटी कशी बांधावयाची, बोंडाच्या टोंकदार पाकळ्या बोटांस कशा लागतात, दंव असतांना कापूस कां वेचूं नये, हें सर्व हातवारे करून सांगितलें. तिच्या शेजारचा तो मुलगाहि मग भीड सोडून बोलूं लागला. त्याची आई सकाळीं किती वाजतां वावरांत जाते, हें त्यानें सांगितलें. आम्ही दोघांचेंहि उतरून घेतलें, घरीं येऊन धडा पुन्हां पहिल्यापासून लिहिला, आणि दुसऱ्या आठवड्यांत त्यांना दाखविण्यासाठीं पुन्हां देवळीस गेलों.